मनगटातली यादवी

दत्ताजीराव भोइट्यांच्या हातून वस्तू पडत नसत. ते त्या फेकत. निदान बडोद्याच्या दांडिया बजारामागच्या त्या गल्लीत सगळ्यांची हीच समजूत होती. सकाळी कप फुटल्याचा आवाज आला, की शेजारणी एकमेकींना म्हणायच्या, "काका आजे पाछा गरम छे." स्वारी आज पुन्हा तापलीय. आणि कपापाठोपाठ दत्ताजीरावांचा आवाज यायचा, असा की वळचणीची कबुतरं उडावीत.

खरं सांगायचं तर कप पडायचा. आधी कप पडायचा, मग दत्ताजीराव ओरडायचे.

हे सुरू झालं मागल्या थंडीत. उठून बघावं तर दोन्ही हातांची बोटं आखडलेली, जणू रात्रभर कुणी दोरीनं आवळून ठेवली होती. मनगटं फुगलेली, गरम. ऊन वर आलं की जराशी सैल पडायची, पण तोवर सदऱ्याचं एक बटण लावताना कपाळाला घाम यायचा. पहिल्यांदा कप निसटला तेव्हा समोर बायको विजयमाला होती, मुलगी मृदुला होती, आणि धाकटा भाऊ बळवंतराव नेमका पेपर न्यायला आला होता. हातातून सुटलेला कप जमिनीवर पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दत्ताजीरावांनी जन्मातला सगळ्यांत वाईट निर्णय घेतला. "हा काय चहा आहे?" म्हणून ते गरजले. बळवंत पेपर न घेताच निघून गेला. हात दुबळा झालाय हे कुणाला कळलं नाही. डोकं फिरलं, एवढंच कळलं. आणि भोइट्यांच्या घरात डोकं फिरणं हा काही आजार धरत नसत.

घराणंच तसं. पणजोबा संस्थानाच्या फौजेत पट्टेबाज. फौज गेली, संस्थान गेलं, पण मनगटाचा मान राहिला. दत्ताजीराव मकरपुऱ्याला व्हॉल्व्हच्या कारखान्यात फोरमन होते, आणि त्यांनी आवळलेला नट सोडवायला दोन माणसं लागतात, असं तिथं कौतुकानं सांगत. पुढं परदेशी कंपनीशी करार झाला, बटणांची नवी मशिनं आली. नुसतं बोट टेकवायचं काम. आणि दत्ताजीरावांचं बोट टेकवलं की कळ थेट खांद्यात जायची. एके दिवशी त्यांनी बटणांच्या पाटीवर कोपरच हाणलं. साहेबांनी बोलावून समज दिली. दत्ताजीरावांना उलट बरं वाटलं. पुन्हा कुणाला संशय आला नाही.

पण पापाचं असं असतं, एक झाकायला दुसरं अंथरावं लागतं. कपामागून ताटं गेली, टीव्हीचा रिमोट गेला, देवघरातली घंटा भिंतीवर आपटली. श्रावणात एका सकाळी त्यांच्या हातातून पाण्याचा भरला तांब्या निसटू लागला. निसटतोय हे कळताच त्यांनी तो तसाच भिरकावला. तो विजयमालेच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात, डोळ्यातून गालावर, गालावरून पदरावर. मृदुला किंचाळली. टाके घालायला गेल्यावर विजयमालेनं सांगितलं, दार लागलं. शेजारणींनी विचारलं तेव्हाही तेच, "बारणुं वाग्युं."

त्या दिवशी दत्ताजीराव देवीच्या तसबिरीपुढं उभे राहिले. क्षमा मागावी म्हणून हात जोडले, तर तळहात एकमेकांना टेकेनात. मधे एक कबूतर बसेल एवढी पोकळी.

मग मात्र ते डॉक्टरकडे गेले. रावपुऱ्यात जायची सोय नव्हती, तिथं पावलापावलाला ओळखीचं कुणी भेटणार. बस बदलून ते पार समा भागात गेले. तिथल्या नव्या सोसायट्यांत भोइट्यांना कोण ओळखणार?

"भोइटे?" डॉक्टर अवंती म्हणाली. वय तिशीच्या आतबाहेर, चष्म्यातून थेट बघणारी. "दांडिया बजारातले पट्टेवाले भोइटे? अहो, लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बघितलंय मी, दांडपट्ट्यानं लिंबू कापतात ते!"

झालं. दत्ताजीराव खाली बघत बसले.

तिनं क्ष-किरणांची फिल्म उजेडाला लावली. बोटांच्या पेरांमधे, मनगटाच्या बारक्या हाडांमधे ज्या फटी असायला हव्यात, त्या बुजत चालल्या होत्या. "आमवात आहे, काका. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते. कूर्चा म्हणतात. त्या गादीत पेशी राहतात. फार नाहीत, विरळ. किल्ल्यावर शिबंदी असते ना, तशा. त्यांच्यापर्यंत रक्तवाहिनी पोचत नाही, कुमक येत नाही. त्या मरतायत."

शिबंदी म्हटल्यावर दत्ताजीराव पुढं सरकले. "मारतंय कोण? जंतू?"

"जंतू असते तर सोपं होतं. तुमचंच सैन्य आहे. बाहेरच्या शत्रूशी लढायला ठेवलेलं, तेच तुमच्या सांध्यात घुसलंय. आत जाळपोळ चाललीय. काही पेशी त्यात होरपळून मरतात, आणि काही..." तिनं फिल्मवर बोट टेकवलं. "काहींना नुसता हुकूम पोचतो, आणि त्या आपलं आपणच संपवून घेतात."

"असं कसं? आणि नव्या भरती होत नाहीत?"

"गेलेल्यांची जागा जवळजवळ भरून येत नाही. उरल्यात त्या राखायच्या. गोळ्या देते, त्या सैन्याला आवरतील. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, रोज नाही, आणि रक्त तपासत राहायचं. आणि हातावर घाव नकोत. ठोकणं, आपटणं, मुद्गल फिरवणं बंद. आजार आधीच मारतोय, तुम्ही त्याला हातभार लावू नका."

दत्ताजीरावांनी फिल्मकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचे आजोबा दरबारात काय होते?"

"दप्तरात. लेखणीवाले."

"तरीच," ते म्हणाले. "लेखणीच्या हाताला औषध लागतं. तलवारीच्या हाताला मेहनत."

ती हसली नाही. "काका, सांध्याला हे ठाऊक नसतं हो, की तो कुणाच्या घरातला आहे."

पण हे ऐकायला दत्ताजीरावांचं मन तिथं नव्हतंच. भोइट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक शहाणपण चालत आलं होतं: दुखरं अंग ठोकून काढायचं. वडिलांनी त्यांची पोरवयातली मनगटं वाळूच्या पोत्यावर आपटून घेतली होती, सुजली की पुन्हा आपटली होती, आणि त्यातूनच ती नट आवळणारी मनगटं झाली होती. ते खोटं नव्हतं. निरोगी हाडाला ते लागूही पडलं असेल. दत्ताजीरावांनी गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांखाली सारली आणि दुसऱ्या दिवसापासून, कारखान्याची बस यायच्या आधी, ते तालमीत जाऊ लागले. मुद्गल उचलत. उचलवेना तेव्हा वाळूच्या पोत्यावर मुठी हाणत. पहिल्या घावाला डोळ्यांपुढं काजवे, दुसऱ्याला तोंडात रक्ताची चव, कारण जीभ चावली गेलेली. "मर," ते पुटपुटत. "मर, हरामखोर." कुणाला म्हणत होते, देव जाणे.

आत मात्र मरत होत्या त्याच, ज्यांनी जगायला हवं होतं. त्या इवल्याशा गादीत, जिथं कुणाचा उजेड पोचत नाही, तिथं वेढा पडलेला होता. आपल्याच रक्तातून आपलीच माणसं मशाली घेऊन आली होती. भिंती ढासळत होत्या, आणि त्या ढासळत्या भिंतींवर बाहेरून धन्यानंच तोफ डागावी, तशी रोज सकाळी एक-एक मूठ आदळत होती. कुणाला पळायला जागा नाही, कुणाला ओरडायला तोंड नाही. जिवंत होतं ते गपकन विझायचं, आणि त्या जागी हाडाला हाड भिडायचं.

अशात पंचाण्णव सालची खंडेनवमी आली.

त्या दिवशी गल्लीतल्या देवीच्या आवारात शस्त्रपूजा होई. दुपारी कीर्तन, आणि कीर्तनानंतर भोइट्यांचा पट्टा. घरातल्या कुणीतरी एकानं तळहात पुढं करायचा, त्यावर लिंबू ठेवायचं, आणि घरातल्या थोरल्यानं दांडपट्ट्याच्या एका फिरक्यात ते कापायचं. कातडीला ओरखडा नाही. लिंबू कापल्याशिवाय देवीची आरती होत नसे. यंदा हात मृदुलेचा होता. कॉलेजात गेलेली मुलगी. तिनं महिनाभर आधीच मागून घेतलं होतं.

शस्त्रांना झेंडूच्या माळा घालता घालता विजयमालेनं हलक्या आवाजात विषय काढला.

"अहो, यंदा पट्टा बळवंतभावजींना मारू द्या."

"का? मी मेलोय?"

"फेकलेली वस्तू भिंतीवर लागते, नाहीतर माणसाला लागते," ती माळेकडेच बघत म्हणाली. भुवईवरची खूण अजून लाल होती. "तुमचे कप तुमच्या पायाशी फुटतात. मी बारा महिने झाडतेय. मला कळणार नाही?"

दत्ताजीरावांनी आधी आजूबाजूला बघितलं. "कुणाला बोललीस?"

"नाही. पण तो माझ्या पोरीचा हात आहे. कीर्तन संपेपर्यंत तुम्हीच सांगा. नाहीतर मी उभी राहून सांगेन."

"सांग! सांगच! चारचौघांत नवऱ्याचा हात लुळा म्हणून सांग, आणि मग या घराची पायरी चढू नकोस!"

आवारातली माणसं वळून बघायला लागली. विजयमालेनं शांतपणे उरलेली माळ ढालीला घातली. बाहेर चौकात रात्रीच्या गरब्यासाठी कर्णे बांधत होते, "हॅलो, चेक, चेक" चाललं होतं. त्या आवाजात दत्ताजीरावांचं ओरडणं मिसळून गेलं.

बुवा उभे राहिले. कमरेला उपरणं, गळ्यात हार, हातात झांज. तबल्यावर थाप पडली आणि सगळं आवार सावरून बसलं. कीर्तनाची ही जादूच आहे. मघापर्यंत चपला शोधणारा माणूससुद्धा पहिल्या सुराला मान डोलावतो. पूर्वरंग झाला. उत्तररंगाला बुवा म्हणाले, "मंडळी, आज शस्त्रांचा दिवस. आपण बडोदेकर, देवीनं दैत्य मारला ती कथा गरब्यात नाचत ऐकतो. ती उद्या. आज मी ती कथा सांगणार आहे, जिच्यात दैत्यच नाही. यादवांची."

आणि त्यांनी असा काही सागरकिनारा उभा केला, की समोरच्या फरशीवर लाटा याव्यात. "लांब कुठली जागा नव्हे, आपल्याच गुजरातेतला किनारा. एका कुळाची लेकरं. एका पंगतीला बसली. प्याली. कुणीतरी कुणाचं उणं काढलं. शस्त्रं होती का हो? नव्हती. किनाऱ्यावरचं गवत उपटलं, आणि त्या गवताचं मुसळ झालं! काका पुतण्याला हाणतोय, मुलगा बापाला हाणतोय." बुवांची झांज तलवारीसारखी फिरू लागली, तबला दणाणू लागला, आणि बुवांनी सूर चढवला, "आपुलेच हात, आपुलाच गळा, कोणास रडावे गोपाळा!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

दत्ताजीराव खांबाला टेकून बसले होते. मांडीवर पडलेलं त्यांचं मनगट ठसठसत होतं, तबल्याच्याच लयीत. डॉक्टरणीनं फिल्मवर दाखवलं ते काय होतं, हे त्यांना आत्ता कळलं. बाहेरचा कुणी नव्हताच. आणि आपण रोज सकाळी त्या किनाऱ्यावर उभं राहून गवत उपटून देत होतो.

"लोक विचारतात," बुवा एकदम हळू आवाजात म्हणाले, "देव तिथंच होता, मग त्यानं थांबवलं का नाही? अहो, एवढे यादव होते. त्यांतल्या एकानं तरी म्हणायचं होतं, देवा, माझा हात माझ्या ताब्यात नाही, तू धर. एकानं म्हटलं नाही. सगळे शूर!"

विजयमाला बायकांतून दत्ताजीरावांकडे बघत होती. आता बोलायचं. आत्ता. दत्ताजीरावांनी तोंड उघडलं. कुणीतरी म्हणालं, "चला, पट्टा!" आणि ते तोंड मिटून उठले.

मृदुला गुडघे टेकून बसली. तिचा तळहात सरळ, ताठ, आणि त्यावर पिवळंधमक लिंबू. "बाबा, लवकर हं. मला तयार व्हायला वेळ लागतो, गरबा आहे."

"यंदा लिंबू कापायचंय, दादा," बळवंत पट्टा पुढं करत हसला. "कप नाही."

चार माणसं हसली. दत्ताजीरावांनी कोपरापर्यंतच्या लोखंडी आवरणात हात घातला. आतली आडवी मूठ धरायची होती. बोटं तिच्याभोवती वळेनात. आतल्या आत, कुणाला न दिसता, ती बोटं झटत होती, आणि पातं बाहेर गवतासारखं लवलवत होतं. बळवंत पट्ट्याचा बंद आवळायला वाकला आणि थबकला.

"दादा, हात किती गरम आहे तुझा! आणि थरथरतोय. ठेव. मी मारतो."

विजयमाला उठून उभी राहिली.

दत्ताजीरावांना समोर दोनच गोष्टी दिसत होत्या. मुलीचा पांढरा तळहात, त्यावरच्या रेषा. आणि बायकोचं उघडू लागलेलं तोंड. पट्टा मारायचा नाही हे नक्की झालं होतं, त्या तळहातानंच ते नक्की केलं होतं. पण सांगायचंही नव्हतं. मग त्यांनी तेच केलं, जे बारा महिने करत आले होते.

"माझ्या हातातला पट्टा घेतोस? भडव्या!" म्हणून त्यांनी हात उपसून काढला आणि बळवंतच्या तोंडावर अर्धवट मिटलेली मूठ हाणली.

पट्टा खणखणत फरशीवर गेला. बळवंतचा ओठ दातावर फाटला, हनुवटीवरून रक्ताची धार लागली. दुसरी मूठ कानशिलावर. समई लवंडली, तेल पसरलं, बायका पोरांना ओढत मागं सरल्या. बळवंतही तालमीतलाच. तो अंधपणे पुढं घुसला, डोकं छातीत मारलं, दोघं शस्त्रांच्या मांडावर कोसळले, झेंडू चिरडले, ढाल गडगडत गेली. दत्ताजीराव वर आले. त्यांचा गुडघा भावाच्या पोटात, मूठ पुन्हा उगारलेली. आणि बळवंतनं, पोरवयापासून करत आला तसा, ती मूठ वरच्यावर झेलली आणि मनगट पिळलं.

कडकड असा आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा.

आणि दत्ताजीराव ओरडले. ते रोजचं गरजणं नव्हतं. बडोद्यानं, त्या गल्लीनं, त्यांच्या बायकोनंही हा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक, उंच, लेकरासारखा. "आईऽ गंऽ"

बळवंतनं हात सोडला. मार खाल्लेला तो, तोंड रक्तानं भरलेलं, आणि तोच घाबरून मागं सरकला. "दादा, मी जोर लावलाच नाही! देवीशप्पथ, नुसता धरला होता!"

बाहेरच्या कर्ण्यांवर कुणीतरी "चेक, चेक" म्हणत होतं तेवढंच. दत्ताजीराव तेलात, फुलांत बसले होते. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, ते भलत्याच बाजूला कललेलं. त्यांनी वर बघितलं. मृदुला हलली नव्हती. भेदरून पांढरी पडली होती, पण हात तसाच पुढं, लिंबू तसंच तळहातावर. बापानं सांगितल्याशिवाय हात काढायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

"काढ गं हात," ते म्हणाले. "काढ, माझ्या बाळा. माझा हात माझ्या ताब्यात नाही. वर्ष झालं. सांधे मेलेत आतून. मारला असता तर तुझी बोटं गेली असती."

मग ते बायकोकडे वळले. तिच्याकडे बघणं मनगटापेक्षा जड होतं. "तांब्या निसटला होता," ते म्हणाले. "पण फेकला मीच."

"फेकला तुम्हीच," विजयमाला म्हणाली. तिनं ते पुसून टाकलं नाही. पण ती येऊन त्यांच्याशेजारी तेलात बसली.

पुजारी चुळबुळला. "आरती खोळंबलीय, बुवा. लिंबाचं काय करायचं?"

बुवा दत्ताजीरावांकडे वळले. "रिवाज काय आहे? घरातला तळहात आणि घरातला पट्टा. तळहात लेकराचाच हवा असं कुठं आहे?"

दत्ताजीरावांनी डावा हात पुढं केला. तोही धड नव्हता. बोटं आत वळलेली, तळहात ओंजळीसारखा खोल. लिंबू त्यात गडप होत होतं. त्यांनी उजव्या हाताच्या कोपरानं डावी बोटं रेटून रेटून जरा सपाट केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"मी नाही मारणार," बळवंत रक्त थुंकत म्हणाला. "आत्ताच तू माझा दात हलवलास. माझं डोकं ठिकाणावर नाही, दादा. हात वाकडा गेला तर?"

"जाऊ दे. तो तसाही गेलेलाच आहे."

"ही थट्टा करायची वेळ आहे?"

"बळवंता," दत्ताजीराव म्हणाले, "मी तुला मारलं, चूक माझी, कबूल. आता तू मार. माझी बोटं उघडी फार वेळ राहायची नाहीत."

बळवंतनं पट्टा चढवला. ओठातून अजून ठिबकत होतं. तो मागं सरला, पातं एकदा हवेत फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, त्याचा तो रेशीम फाटल्यासारखा आवाज. विजयमालेनं डोळे मिटले. दत्ताजीरावांनी मिटले नाहीत. त्यांना भावाचं तोंड दिसत होतं. त्यावर रागही होता, खरा, मघाचा, आणि त्या रागाच्या खाली दादाच्या हाताची काळजी.

पातं आलं आणि गेलं. लिंबाच्या दोन फोडी उडाल्या. तळहातावर रक्त नव्हतं.

पण रस होता. तो बोटांच्या फटींतून, मघाच्या मारामारीत फुटलेल्या कातडीत शिरला, आणि दत्ताजीराव मोठ्यानं म्हणाले, "झोंबतंय! अरे देवा, झोंबतंय!" कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, बुवांनी झांज वाजवून आरती उचलली. बळवंत पट्ट्यासकट भावाच्या शेजारी बसून हुंदके द्यायला लागला. "उद्या सकाळी कुठं जायचंय ते सांग," तो म्हणाला. "कुठला डॉक्टर ते सांग. रिक्षा मी आणतो."

"समाला," दत्ताजीराव म्हणाले. "लेखणीवाल्यांची मुलगी आहे. चार शब्द ऐकवेल, ऐकायचे."

मृदुलेनं देवीपुढचा पाण्याचा लोटा आणला. "बाबा, हात उघडा. धुते."

"उघडत नाही गं," ते म्हणाले. आता बोटं पुन्हा मिटली होती.

तिनं ओढून बघितली नाहीत. तशाच मिटल्या हातावरून तिनं बारीक धारेनं पाणी सोडलं, आणि ते जिथून वाट मिळेल तिथून आत जाऊ दिलं.